पद्माक्काच्या मापाची सायकल

निपाणीला मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी समोरून एक सायकल एकटीच येताना मला दिसली. उंच, काळी, पुरुषांची सायकल. सीटवर कोणी नाही. तरी चांगली सरळ येत होती, वर घंटीही वाजवत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघतच राहिले.

"बाजूला व्हा ओ बाई! मला थांबता येत न्हाय!"

आवाज सायकलीच्या पोटातून आला. मी गटाराच्या कडेला उडी मारली आणि सायकल खडखडत पुढं गेली तेव्हा मला तिची मालकीण दिसली. पांढऱ्या नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. एक पाय आडव्या नळीखालून पलीकडच्या पायडलवर घातलेला. सगळं अंग एका बाजूला कलतं टाकून, हँडलला लोंबकळत ती चालली होती. लहान मुलं मोठ्यांची सायकल पळवून नेतात, तेव्हा नळीखालून पाय घालून अशीच चालवतात. पण ही लहान मुलगी नव्हती. तिशी ओलांडलेली, मोकळ्या कपाळाची, पाठीवर कातडी पिशवी बांधलेली बाई होती. तंबाखूच्या वखारीपुढं बसलेले हमाल तिला बघून हसत होते. तिचं तिकडं लक्षही नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी. ज्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती, त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहायची, हे मला तेव्हा कळलं.

"सकाळी भ्यालीस व्हय गं?" तिनं विचारलं. "मी पद्माक्का. दवाखान्यातली नर्स. उतरायचं अजून जमत न्हाय मला. भिंत आली की थांबतो."

मी पुण्याकडची. बायकांनी 'मी थांबतो, मी जातो' असं बोललेलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. निपाणीकडं सगळ्याच बाया तसं बोलतात, हे पुढं अंगवळणी पडलं. पण पद्माक्काच्या तोंडी ते बोलणं इतकं शोभायचं की तिनं 'थांबते' म्हटलं असतं तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

उंचीनं ती माझ्या खांद्याला लागायची, आणि मी स्वतः काही उंच नाही. गावात तिला 'गिड्डी नर्स' म्हणत. गिड्डी म्हणजे बुटकी. शब्द कानडी, पण तिकडच्या मराठीत मुरलेला. कोणी तोंडावर म्हटलं तर ती म्हणायची, "व्हय, गिड्डीच हाय. जागा कमी लागती मला." मागच्या खोलीत तिनं सगळ्या वस्तू आपल्या हाताला येतील अशा खाली मांडल्या होत्या. भिंतीवरच्या फळ्या माझ्या कमरेच्या उंचीवर, देवाचा कोनाडाही तसाच. तिच्या घरात गेलं की मला आपण उगीच लांबलचक झालो आहोत असं वाटायचं.

घर तिचं जैन शेतकऱ्याचं, चिकोडीच्या बाजूचं. लहानपणी लग्न झालं आणि लहानपणीच ते संपलंही. पुढं तिनं बेळगावला जाऊन नर्सिंगचं शिक्षण घेतलं. कसं घेतलं, कोणाशी भांडून घेतलं, हे ती फारसं सांगायची नाही. एवढंच म्हणायची, "अण्णा म्हणला, परकी माणसं, परकं रगात, कशाला हात लावतीस? मी म्हणलो, जल्माला येताना समदी एकाच वाटंनं येत्यात की." हा अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दिवाळीला तो भुईमुगाचं पोतं घेऊन यायचा, ओसरीवर बसून पाणी प्यायचा आणि बहिणीच्या सायकलीकडं पाठ करून बसायचा.

तिचे नेम कडक होते. पाणी गाळून प्यायची. सूर्य मावळला की अन्नाला शिवायची नाही. खेड्यावरून यायला उशीर झाला तर तशीच उपाशी निजायची, आणि सकाळी त्याबद्दल एक अक्षर नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जायची. स्वतःशी आणि देवाशी ती कानडीत बोलायची, जगाशी मराठीत. काही अडलं की तोंडातून पहिल्यांदा "नोडोण" निघायचं आणि लगेच त्याच्या मागून "बघू या." दोन्हीचा अर्थ एकच. पण तिचं एकानं भागत नसे.

सायकलीचं वेड तिला कुठून लागलं हे मी एकदा विचारलं. आम्ही परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. तिचे हात थांबले.

"अकोळच्या पल्याड एक वस्ती हाय. तिथनं सांगावा आलता," ती म्हणाली. "बैलगाडी मिळंना. म्हणून चालत निघालो. पळालो, बांधावरनं गेलो, नांगरटीतनं गेलो. माझं पाय हे एवढं. दुसऱ्याच्या एका पावलाला माझी दोन. आंगणात पोचलो तर पोरगं रडत हुतं आणि आई गेलती. हात हातात घेतला. गरम हुता गं अजून."

मग तिनं एक शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले आणि म्हणाली, "पाय लांब करता येत न्हाईत. वाट आखूड करता येत न्हाय. राहिली काय, सायकल."

दवाखान्यातले कंपाउंडर दत्तोबा भला माणूस. मी पाहिलेली ती उंच काळी सायकल त्यांचीच. मोसम नसताना तंबाखूची खळी रिकामी असतात, तिथं पद्माक्का पहाटे शिकायची. सीटवर बसली तर तिचे पाय नुसते हवेत लोंबायचे, म्हणून नळीखालून पाय घालायचा मार्ग तिनं काढला. पण तशी सायकल चालवायची म्हणजे कंबर एका बाजूला पिळलेली राहते. दोन कोस गेलं की ती उतरल्यावर वाकडीच चालायची. पिशवीतल्या बाटल्या फुटायच्या. शेवटी दत्तोबाच म्हणाले, "आक्का, ही सायकल माझ्या मापाची. तुम्ही बेळगावला कॅम्पात जाऊन बघा. तिथं मडमांच्या सायकली असतात."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर बेळगावला गेले. कॅम्पातलं ते सायकलींचं दुकान मला आजही दिसतं. गोऱ्या पलटणीतले साहेब बदलून गेले की त्यांच्या सायकली तिथं यायच्या. दुकानदार गोड बोलणारा होता. त्यानं आडवी नळी नसलेली, बायकांची म्हणून केलेली विलायती सायकल पुढं आणली.

"बसा बाई. लेडीज आहे. खास."

पद्माक्का बसली. पाय पोचेनात. त्यानं सीट अगदी खाली ठोकली. आता पायाचे अंगठे पायडलला लागले, पण हँडल एवढं लांब राहिलं की तिचे हात ताणून सरळ झाले आणि पाठ पालथ्या पडलेल्या माणसासारखी लांबली.

"सवय होईल हळूहळू," दुकानदार म्हणाला.

"चोळी आखडली तर शिंपी सवय हुईल म्हणतो व्हय?" पद्माक्कानं विचारलं.

तो हसला. मग त्यानं साहेबाच्या पोराची सायकल काढली. तिच्यावर ती बसली तेव्हा दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि मला वाटलं, झालं काम. पण दुकानापुढं एक चक्कर मारून ती परत आली. गुडघे हँडलला आपटत होते आणि पाय भरभर फिरवूनही सायकल इंचाइंचानं पुढं जात होती.

"ही खेळायची हाय," ती उतरत म्हणाली. "मला जायचं हाय."

त्या दिवशी आम्ही सगळा कॅम्प पालथा घातला. जिथं जाऊ तिथं तीच गत. बाई म्हणजे मडम, आणि मडम म्हणजे उंच. बुटकं माणूस म्हणजे पोर. मोठ्या माणसाचं काम आणि लहान मापाचं अंग, दोन्ही एकाच ठिकाणी असू शकतं, हे सायकली करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. शेवटी तिनं तीच मडमेची सायकल घेतली आणि सुताराकडून पायडलला लाकडी ठोकळे बसवून घेतले, म्हणजे पाय पोचावेत.

ठोकळ्यांवर तिनं वर्षभर काढलं. कोरड्यात बरं चालायचं. पावसाळ्यात लाकूड शेवाळल्यासारखं निसरडं व्हायचं. श्रावणातल्या एका दुपारी बेनाडीच्या वाटेवर तिचा पाय ठोकळ्यावरून सटकला आणि ती सायकलीसकट चरीत गेली. डावं मनगट मोडलं. पुढं काय झालं ते मला, ज्या घरी ती बाळंतपणाला निघाली होती, तिथल्या सासूनं नंतर निपाणीच्या बाजारात सांगितलं. तीन वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगावर काटा आला.

"चिखलानं भरलेली दारात आली बगा. डावा हात लोंबतोय. म्हणली, आजी, पदराची चिंधी काढा आन् हे बांधा. मग म्हणली, मला एकच हात हाय आता. तुमचं दोन मला द्या. मी म्हणलं, मला काय कळतंय? तर म्हणली, तुमाला कळायची गरज न्हाय, मी सांगतो तसं करा. पोर आडवं हुतं बाई! उजव्या हातानं तिनं फिरवलं, आन् माझ्या हातांनी वरनं दाबलं. तिच्या कपाळावरनं घाम गळतोय, व्हट दातात धरलेला, पर सुनंला म्हणती कशी, घाबरू नगं लेकी, आमी तिघी हाय."

सून वाचली, नातू वाचला. मी घरी आलेल्या पद्माक्काचा सुजलेला हात बघितला आणि रागानं म्हणाले, "आक्का, आता पुरे झालं. ही सायकल तुमचा जीव घेईल."

"सायकलीचा दोष न्हाय गं," ती म्हणाली. "मापाचा दोष हाय. दुसऱ्याचं घालून हिंडतोय मी." आणि मग हाताकडं बघत, स्वतःशी, "नोडोण. बघू या."

हात बरा झाल्यावर एका दुपारी तिनं मला मागच्या खोलीत बोलावलं आणि आतून कडी घातली. तिच्या हातात सुती दोरी होती. "धर," म्हणाली. मी तिचं माप घेतलं. भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत; खांद्यापासून मुठीपर्यंत; बसली तेव्हा कमरेपासून मानेपर्यंत. प्रत्येक मापाला वेगळी दोरी आणि शेवटाला गाठ. ती इतकी गंभीर होती की मला हसू येत असूनही हसता आलं नाही. मला वाटतं, तोपर्यंत तिच्या शरीराचं कोणी एवढं लक्ष देऊन मापच घेतलं नव्हतं.

त्या दोऱ्या घेऊन आम्ही पुन्हा बेळगावला गेलो. दिवाळी नुकतीच झाली होती. कॅम्पाच्या टोकाला पेद्रू मेस्त्री नावाचा गोव्याकडचा ख्रिस्ती कारागीर होता. लष्करी कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून आता स्वतःचं लहान दुकान चालवायचा. पद्माक्कानं मडमेची सायकल त्याच्यापुढं उभी केली आणि म्हणाली, "ही कापा."

"कापू? चांगली सायकल कापू?" पेद्रू उडालाच. "बाई, नळी कापली की सायकल मेली. दुसरी घ्या."

"समद्या बघितल्या. एकबी माझी न्हाय."

"मग मी काय करू? देवानं तुम्हाला लहान केलं."

"देवानं मला बरोब्बर केलंय," पद्माक्का शांतपणे म्हणाली. "सायकल माणसानं केलीया. चूक दुरुस्त करायची तर कुणाची करायची, सांगा बघू."

आणि तिनं त्या दोऱ्या एकेक करून त्याच्या फळीवर ठेवल्या. "हा पाय. हा हात. ही पाठ."

पेद्रूनं चष्मा वर केला. दोऱ्या हातात घेतल्या, सायकलीच्या नळ्यांना लावून बघितल्या. मग दुकानाच्या आतून एक जुनी, लहान चाकांची जोडी बाहेर काढून फळीवर आडवी टाकली. ती कामाची सुरुवात होती. पद्माक्का लगेच खाली वाकली.

"पाय फिरत्यात त्या दांड्या बी आखूड करा. गुडघा पोटात शिरतो."

"ते कोणी करत नाही, बाई."

"कुणी न्हाय म्हणूनच तुमच्याकडं आलो."

आम्ही कॅम्पातल्या माझ्या एका मावशीकडं राहिलो. रोज पद्माक्का दुकानात जाऊन बसायची. पेद्रू नळी कापायचा, पितळेचा जोड द्यायचा, ती बसून बघायची, मान हलवायची, तो पुन्हा तापवायचा. दोघं भांडायचे. तो कोंकणीत चिडायचा, ती कानडीत पुटपुटायची. शेवटी एका संध्याकाळी त्यानं सायकल बाहेर रस्त्यावर आणली. लहान चाकं, खाली झुकलेली नळी, जवळ आलेलं हँडल. रंग अजून दिलेला नव्हता. जोडांवरचं पितळ उघडंच चमकत होतं.

पद्माक्का बसली. सीटवर बसून तिच्या पायाचे चवडे जमिनीला टेकले. तिनं पायडलवर पाय ठेवला, तो खाली गेला तेव्हा गुडघा थोडा वाकलेला राहिला, जसा राहायला हवा तसा. हात हँडलवर पडले ते आपल्या मांडीवर पडावेत इतके सहज. ती पुढं सरकली, रस्त्याच्या टोकाच्या वडाला वळसा घातला, परत आली, आणि तिनं ब्रेक लावून, एक पाय टेकून सायकल थांबवली. भिंतीशिवाय. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, हात मोडला तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून सरळ धारा लागल्या आणि ती पुसतही नव्हती.

"मेस्त्री," ती म्हणाली, "आज पयल्यांदा मी सायकलीवर बसलो."

पेद्रू चष्मा पुसत आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीची चौकशी करायला निघाले तर पद्माक्का म्हणाली, "तू जा मोटारीनं. मी हिच्यावरनं येतो."

"निपाणीपर्यंत? आक्का, वेड लागलं का? एवढा रस्ता!"

"सायकल कशाला केली मग? घरात टांगायला?"

पहाटे अंधुक उजेड व्हायच्या आत ती निघाली. माझी मोटार चांगली उन्हं वर आल्यावर सुटली. हत्तरगीच्या अलीकडं एका चिंचेखाली ती मला दिसली. सायकल खोडाला टेकवलेली, आणि ही फडक्यानं गाळून पाणी पीत होती. मोटारीतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. मी ओरडले, तिनं तांब्या वर केला, आणि धुळीत ती मागं राहिली.

निपाणीला पोचून मी तिची चूल पेटवली. दिवस लहान. सूर्य मावळायच्या आत ती आली नाही तर एवढं अंतर तुडवून रात्रभर उपाशी राहणार, हे मला माहीत होतं. भाकरी केल्या, वरण केलं, झाकून ठेवलं आणि ओसरीवर येऊन उभी राहिले. घरमालकीण आली. शेजारच्या बाया आल्या. दत्तोबा कंपाउंडर दवाखाना बंद करून आले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. ऊन घरांच्या कौलांवर चढलं. मग नुसत्या नारळाच्या शेंड्यांवर राहिलं.

"आली!" दत्तोबा कोपऱ्यावरून ओरडले.

ती आली ती अगदी साधी, बाजारातून येते तशी. ताठ बसलेली, धुळीनं पांढरी, ओठ फुटलेले. दारात येऊन पाय टेकला, उतरली, आणि आभाळाकडं एकदा बघून मला म्हणाली, "वाढ लवकर. हाय अजून."

ती जेवत असताना सगळी गल्ली दारात उभी होती. शेवटचा घास तोंडात गेला तेव्हा शेंड्यांवर ऊन होतं. कोणाला सांगून पटणार नाही, पण त्या माणसांत कोणी हसलं नाही. त्यानंतर निपाणीत तिच्या सायकलीला हसणारं मी कोणी पाहिलं नाही.

सायकल अंगाला बसली आणि पद्माक्काचा मुलूख वाढला. वेदगंगेच्या काठची गावं, पलीकडच्या वस्त्या, जिथं चालत जायला दिवस मोडायचा, तिथं ती सकाळी जाऊन दुपारी परतायला लागली. हलकी असल्यामुळं ओढा आला की ती सायकल खांद्यावर घ्यायची. मुंग्यांची रांग दिसली की सायकल उचलून पलीकडं ठेवायची. मग पुन्हा बसायची.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारे गौडा होते. जैनच, मोठे जमीनदार, शब्दाला वजन असलेले. त्यांची सून अडली. घरातल्या बायांनी चोरून पद्माक्काला सांगावा धाडला. ती पोचली तर गौडा उंबऱ्यात काठी आडवी धरून बसलेले.

"आमच्या जातीची बाई. इधवा. आन् सायकलीवर टांग टाकून हिंडतीस. माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाय यायचं."

ती वाद घालत बसली नाही. "बरं आप्पा," म्हणाली, "मी हितं लिंबाखाली बसतो. लागलं तर हाक मारा." आणि खरोखर सायकल लिंबाला टेकवून ती खाली बसली. आतून सुनेचं ओरडणं ऐकू येत होतं. तिनं गड्याकडून पाणी मागून घेतलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि ते कशाला लागू नयेत म्हणून समोर धरून बसून राहिली. गौडा तिच्याकडं बघत, ती उंबऱ्याकडं बघत. हात वाळले की पुन्हा धुवायची. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. मग आतलं ओरडणं एकदम बारीक झालं. म्हाताऱ्यानं काठी बाजूला घेतली. आणि उंबऱ्यातून उठला.

पद्माक्का बाहेर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत नात रडत होती. लिंबाखाली गौडा उकिडवे बसले होते आणि आपल्या खांद्यावरच्या उपरण्यानं सायकलीच्या चाकाचा चिखल पुसत होते.

"ऱ्हाऊ द्या की आप्पा," ती म्हणाली.

"लई बारकी हाय गं ही," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "एवढ्याशा चाकांवर एवढ्या लांब येतीस, पोरी?"

हे मला सांगताना पद्माक्काचा आवाज खाली आला होता. "तेंनी मला पोरी म्हणलं शेवटी," ती म्हणाली. "माझ्या बाऽनंतर कुणी म्हणलं नव्हतं."

पुढं दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. रॉकेल गेलं, कापड गेलं, आणि विलायतेहून येणारे टायरही गेले. मोठ्या सायकलींचे जुने टायर तरी मिळत. पद्माक्काच्या लहान चाकांच्या मापाचे कुठंच मिळेनात. पेद्रू मेस्त्री तोवर गोव्याला आपल्या गावी निघून गेला होता. चाक फुटून सायकल चार दिवस परसात पडून राहिली. पाचव्या दिवशी पद्माक्का बाजारातून काथ्याचा दोर घेऊन आली. पाण्यात भिजवला, बदडून मऊ केला, आणि टायरच्या आत वेढे देत देत ठासून भरला. बोटांची सालं निघाली. दोन्ही चाकं भरून झाल्यावर तिनं बसून बघितलं. सायकल दगडासारखी जड झाली होती आणि प्रत्येक खडा मणक्याला कळत होता.

"आक्का, हाडं खिळखिळी होतील," मी म्हणाले.

"हुंदेत की. पोचायला तर येतंय."

त्या दोराच्या चाकांवर ती लढाई संपेपर्यंत हिंडली. अधूनमधून दोर झिजायचा, ती नवा भरायची. वय वाढत होतं, केस पांढरे होत होते. एकदाही तिनं कोणाच्या सांगाव्याला नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

लढाईच्या अखेरच्या दिवसांत माझी बदली बेळगावला झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत निरोप घ्यायला गेले तर दाराला कडी. पहाटेच कुठून तरी बोलावणं आलं आणि ती गेली, असं घरमालकिणीनं सांगितलं. मी तिच्या कमी उंचीच्या दाराला हात लावला आणि मोटारीला जाऊन बसले.

तेव्हा पेट्रोल नव्हतं. मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागं भट्टीसारखं पिंप बसवलेलं असे. सपाटीवर कशीबशी पळायची ती मोटार तवंदीच्या घाटाला लागली आणि निम्म्या चढावर धापा टाकत थांबली. ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं. पुरुष मागून ढकलायला लागले, आम्ही बायका पोरंबाळं आणि बोचकी घेऊन कडेनं चालायला लागलो.

तेवढ्यात खालच्या वळणावर मला पांढरं लुगडं दिसलं.

ती चढ चढत येत होती. नागमोडी, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी जात, परत वळत, म्हणजे चढ जरा सौम्य व्हावा. पाठीवर पिशवी. भरलेली चाकं खडीवर करकरत होती. जवळ आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता आणि मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"आक्का!" मी रस्त्यात धावले. "आक्का, मी चालले!"

"कळलं गं." तिनं माझ्याकडं बघितलं, पण पाय थांबवले नाहीत. मी तिच्या बाजूनं चालू लागले. दोन-तीन श्वासांनी एकेक शब्द येत होता. "वरच्या वस्तीवर... आडलीया एक... पहाटेची उरकली, तवर हा निरोप आला... उतरलो तर... पुन्हा चढता यायचं न्हाय."

"उतरू नका," मी म्हणाले.

"शाळा... नीट कर," ती म्हणाली. "जेवत जा येळंवर."

मी तिच्या खांद्याला हात लावला. लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलं होतं, आणि खालचं हाड पाखरासारखं लहान होतं. मग मीच हात काढून घेतला, तिचा तोल जाईल म्हणून.

मोटारीपाशी पोचली तेव्हा ढकलणारे पुरुष आपोआप बाजूला झाले. ड्रायव्हर पिंपातला कोळसा ढवळायचं सोडून काठी हातात धरून उभा राहिला. पुढं घाटाचा सगळ्यात उभा तुकडा होता. तिथं ती सीटवरून उठली. आखूड दांड्यांवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली, सगळं अंग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं टाकत, आणि सायकल तिच्याखाली तेवढीच डोलत वर सरकत राहिली. त्या उभ्या रस्त्यावर, मागं आभाळ असताना, ती मला खूप उंच दिसली. मग ती वळणाआड गेली. खडीवरची करकर मात्र आम्हाला नंतरही बराच वेळ ऐकू येत होती, आणि ती थांबेपर्यंत कोणी मोटारीला हात लावला नाही.